संघ जातो, जागा राहते

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात काय घडते, हे सौंसरकडील माणसास वेगळे सांगावयास नको. पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते, आणि गोटमार सुरू होते. या खेळात माणसे जखमी होतात, काहींचे प्राणही गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहण्याचा उपाय शासनाने केला, तोही टिकला नाही. या खेळाचे मंडन करण्याचा माझा हेतू नाही. त्याच्या एका लक्षणाकडे मात्र मी आपले लक्ष वेधू इच्छितो. हा खेळ जागा सोडत नाही. ज्या नदीवर तो जन्मला त्या नदीवरच तो होतो, कारण खेळणारी दोन गावे तेथेच समोरासमोर वसलेली आहेत. उद्या कोणी म्हणाला की मोठे प्रेक्षागार बांधून देतो, गोटमार छिंदवाड्यास न्या, तर त्या बोलण्याला दोन्ही काठ एकदमच हसतील.

तिकीट लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांची गोष्ट निराळी आहे. त्यांची जागा भाड्याची असते, पट्ट्याची असते किंवा विकत घेतलेली असते. जागेला भाव असतो, भावाबरोबर वाद येतो, आणि एखाद्या सकाळी वर्तमानपत्रात बातमी येते की अमुक संघ आपले मैदान सोडून तमुक ठिकाणी जाणार. मग मोहल्ल्यात प्रश्न उभा राहतो. संघ जातो आहे, पण या जागेचे काय होणार? तेथे इमारती उठणार, बाजार बसणार, की मुलांना खेळावयास ती मोकळी राहणार? आणि जेथे संघ जाणार, तेथे आज जे राहत आहेत त्यांचे काय? अमेरिकेत हा प्रश्न बेसबॉलच्या निमित्ताने फार गाजला. पण तो आपल्या अंगणातही येऊन गेला आहे. मुंबईत तो शंभरावर वर्षे चालला आहे, नागपुरात तो कालपरवाचा आहे. या तीन ठिकाणांची हकीकत आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे, आणि शेवटी पुन्हा सौंसरला येणार आहे.

प्रथम मुंबई. किल्ल्याच्या तटाबाहेर पूर्वी एस्प्लनेड नावाचे विस्तीर्ण मैदान होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पारशी तरुण तेथे चेंडूफळी खेळू लागले. पुढे हिंदू आणि मुसलमान तरुणही खेळू लागले. १८७५ साली युरोपियनांसाठी बॉम्बे जिमखाना स्थापन झाला आणि मैदानाचा एक उत्तम तुकडा त्याच्या वाट्यास आला. उरलेल्या भागावर देशी मुलांनी खेळावे, तर जिमखान्याचे साहेब तेथे पोलो खेळावयास येत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली की तीवर चेंडू सरळ उडेना. १८८० नंतरच्या वर्षांत या मुलांनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. आमचे मैदान आम्हांस मोकळे द्या, एवढीच त्यांची मागणी होती. शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटपटूने या झगड्याची हकीकत १८९७ साली पुस्तकरूपाने छापली. त्या काळच्या राजकारणात ज्याला वजन नव्हते अशा माणसांनी, केवळ एका मोकळ्या जागेसाठी, राज्यकर्त्यांशी लेखणीने केलेला हा लढा आहे. त्यांना एस्प्लनेड पुरते मिळाले नाही. पण पश्चिमेस समुद्राकाठी पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या. हिंदू जिमखाना १८९४ सालचा. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना ती हिरवी मैदाने ओळीने दिसतात, ती त्या अर्जांची पुण्याई होय.

जिमखान्याच्या मैदानावर मोठे सामने होत राहिले. १९२६ साली गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदूंच्या वतीने खेळताना कर्नल सी. के. नायडू यांनी अकरा षटकारांसह १५३ धावा काढल्या त्या याच मैदानावर. नायडू जन्माने नागपूरचे, म्हणून ती आठवण आपल्या भागास अधिक प्रिय. १९३३ च्या डिसेंबरात भारतात खेळला गेलेला पहिला कसोटी सामनाही येथेच झाला. नायडू कर्णधार होते आणि लाला अमरनाथ यांनी पहिल्याच कसोटीत ११८ धावा करून भारताच्या नावावरचे पहिले कसोटी शतक नोंदविले. परंतु ज्या संस्थेच्या अंगणात हा पराक्रम झाला, तिच्या सभासदत्वाचे दार या खेळाडूंना बंद होते. देशाचा संघ खेळे तो परक्याच्या दारात.

त्यातून नवे मैदान हवे हा विचार बळावला. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया १९३३ साली स्थापन झाला होता. अँथनी डिमेलो यांच्या खटपटीने आणि गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांच्या साहाय्याने समुद्र हटवून तयार केलेली बॅकबेची भरावाची जमीन क्लबला मिळाली. २२ मे १९३६ रोजी कोनशिला बसली आणि १९३७ च्या डिसेंबरात ब्रेबोर्न स्टेडियम खेळास खुले झाले. जेथे काही वर्षांपूर्वी लाटा होत्या, तेथे हिरवळ आली. कोणाचे घर तेथून उठवावे लागले नाही, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. पुढे तिचा उपयोग आहे. मात्र घर उठले नाही म्हणून वाद टळला असे नाही. मुंबईची सुप्रसिद्ध पंचरंगी स्पर्धा त्या वर्षी जिमखान्यावरून ब्रेबोर्नवर आली, आणि जागावाटपावरून हिंदू संघाने तीतून अंग काढून घेतले. नव्या घराच्या वास्तुशांतीलाच एक भाऊ रुसून बसला. भांडण कशाचे? आमच्या माणसांना बसावयास किती खुर्च्या, एवढ्याचेच!

याच खुर्च्यांनी पुढे आणखी एक मैदान उभे केले. १९४८ पासून १९७३ पर्यंत मुंबईचे कसोटी सामने ब्रेबोर्नवर झाले. सामना भरवावयाचा मुंबई क्रिकेट असोसिएशनने आणि जागा क्लबची, अशी ती व्यवस्था होती. भाडेकरू आणि घरमालक यांच्यात जे होते तेच येथे झाले. तिकिटांचा वाटा, सभासदांचे हक्क, असोसिएशनच्या संलग्न क्लबांना मिळणाऱ्या जागा यांवरून वाद वाढत गेला. त्या वेळी असोसिएशनचे अध्यक्ष होते बॅरिस्टर शेषराव वानखेडे. हेही मूळचे नागपूरचे, आणि १९७२ पासून महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष. क्लबच्या अध्यक्षपदी विजय मर्चंट. दोघेही क्रिकेटवर मनापासून प्रेम करणारे. पण प्रेमाने खुर्च्या वाढत नाहीत. अखेर वानखेडे यांनी असोसिएशनचे स्वतःचे मैदान बांधण्याचे ठरविले. चर्चगेट आणि मरीन लाइन्स यांच्यामध्ये, लोहमार्गाच्या कडेला, ब्रेबोर्नपासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर, सुमारे वर्षभरात ते उभे राहिले. वास्तुशिल्पी होते शशी प्रभू. १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइड याने नाबाद २४२ धावा काढल्या. त्याचे अभिनंदन करावयास धावत गेलेल्या एका प्रेक्षकास पोलिसांनी मारले आणि नव्या स्टेडियमात दंगल उसळली. जागा बदलली तरी प्रेक्षक आणि व्यवस्थापक यांच्यातले अंतर तसेच राहिले, असाच या प्रसंगाचा अर्थ मी करतो.

आता या दोन स्थलांतरांकडे एकत्र पाहावे. जिमखान्यावरून ब्रेबोर्न, ब्रेबोर्नवरून वानखेडे. सारे मिळून दोनअडीच किलोमीटरांच्या आतले. त्याहून महत्त्वाचे असे की संघ निघून गेल्यावर एकही जुने मैदान मेले नाही. जिमखान्यालगतचे आझाद मैदान मुलांसाठी मोकळे राहिले. तेथेच १९८८ च्या फेब्रुवारीत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी मुलांनी ६६४ धावांची भागीदारी केली. ब्रेबोर्नवर क्लबची मालकी होती, म्हणून तेथे इमारती न उठता हिरवळच राहिली. २००९ साली श्रीलंकेविरुद्धची कसोटी तेथे पुन्हा झाली आणि वीरेंद्र सेहवाग याने तीत २९३ धावा काढल्या. संघ गेला, परंतु जागा राहिली. आणि जागा राहिली म्हणून खेळ परत येऊ शकला.

असे सगळीकडे होत नाही. त्यासाठी आपणांस सातासमुद्रांपलीकडे न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन या भागात जावे लागेल. बेसबॉल हा आपल्या चेंडूफळीचा दूरचा भाऊ समजावा. ब्रुकलिनच्या संघाचे नाव डॉजर्स, आणि त्याचे मैदान एबेट्स फील्ड, १९१३ साली उघडलेले. तेथे सुमारे बत्तीस हजार माणसे बसत. मैदान लहान, चारही बाजूंनी घरे, दुकाने, ट्रामचे रस्ते. खेळाडूही त्याच वस्तीत राहत आणि सकाळी त्याच दुकानात पाव घेत. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू याच संघातून उतरला आणि मोठ्या बेसबॉलमधील अनेक दशकांची वर्णबंदी मोडली. १९५५ साली संघ प्रथमच जगज्जेता ठरला. असा हा संघ, आणि तरी दोनच वर्षांत तो वस्ती सोडून गेला.

कारण काय घडले? अमेरिकेत संघाच्या नावात शहराचे नाव असते, परंतु संघ शहराचा नसतो. तो मालकाचा असतो. हा फरक आपल्याकडील माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. विदर्भाचा रणजी संघ कोणी विकत घेऊन दुसऱ्या प्रांतात नेऊ शकत नाही. डॉजर्सचे मालक वॉल्टर ओमॅली यांना ते करता येत होते. मैदान जुने झाले होते. महायुद्धानंतर बरी स्थिती आलेली कुटुंबे उपनगरांत राहावयास गेली होती. ती आता मोटारीने येत आणि मैदानाजवळ मोटारी उभ्या करावयास सातशेच्या आसपासच जागा होती. ओमॅली यांना ब्रुकलिनमध्येच, अटलांटिक आणि फ्लॅटबुश हे दोन मोठे रस्ते मिळतात त्या चौकाजवळ, रेल्वेच्या अंतिम स्थानकाला लागून नवे मैदान हवे होते. तेथील मांसबाजार हटवून, जुन्या वस्तीच्या पुनर्विकासाच्या कायद्याने ती जमीन सरकारने संपादन करावी आणि आपणांस द्यावी, मैदान आपण आपल्या पैशाने बांधू, असे त्यांचे म्हणणे होते. शहरातील सार्वजनिक बांधकामांची सूत्रे रॉबर्ट मोझेस यांच्या हाती होती. खाजगी मालकाच्या धंद्यासाठी सार्वजनिक कायद्याने जमीन घेणे योग्य नाही, असे त्यांनी सांगितले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्वीन्स भागात, जागा दाखविली. ओमॅली यांनी ती नाकारली. ब्रुकलिनचा संघ क्वीन्समध्ये खेळला तर तो ब्रुकलिनचा कसा राहील, असा त्यांचा सवाल होता.

या वादात कोण बरोबर, यावर अमेरिकेत आजही दोन पक्ष आहेत. मालक लोभी होता असे एक पक्ष म्हणतो. अधिकारी हटवादी होता असे दुसरा म्हणतो. दोन्हींत काही तथ्य असेल. पण मला त्यात एक तिसरी उणीव दिसते. दोघांच्या या पत्रव्यवहारात वस्तीला कोणी विचारलेच नाही. एबेट्स फील्डची जमीन तर मालकाने १९५६ सालीच एका बांधकाम व्यावसायिकास विकून टाकली होती आणि संघ तेथे भाडेकरू म्हणून खेळत होता. म्हणजे संघ राहणार की जाणार यावर लोक चौकाचौकांत तावातावाने बोलत होते, तेव्हा मैदानाचे भवितव्य कागदावर ठरून गेले होते. २४ सप्टेंबर १९५७ रोजी तेथे शेवटचा सामना झाला. सहा हजार सातशेच्या घरात प्रेक्षक आले होते. १९६० च्या फेब्रुवारीत मैदान पाडावयास सुरुवात झाली आणि त्या जागी उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. तेथे आज माणसे राहतात, त्यांना घरे मिळाली, ही गोष्ट वाईट नव्हे. परंतु मुंबईत जे घडले ते येथे घडले नाही. खेळ परत यावयास जागाच राहिली नाही.

संघ गेला कोठे? तीन हजार मैल दूर, लॉस एंजेलिस शहरात. आता या हकीकतीची दुसरी बाजू पाहावी, कारण जो संघ एका वस्तीतून उठतो तो दुसऱ्या एखाद्या वस्तीवर जाऊन बसतो. त्या शहराच्या मध्याजवळच्या टेकड्यांत शावेझ रविन नावाची दरी आहे. तेथे पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप अशी तीन लहान गावे होती. राहणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे कष्टकरी. घरे साधी, पण स्वतःची. अंगणात कोंबड्या, परसात भाजी, गावात शाळा आणि देऊळ. १९५० साली नगरसंस्थेने त्यांना नोटिसा दिल्या की येथे सरकारी घरांची मोठी वसाहत होणार आहे, तुम्ही जागा सोडा. नव्या घरांत पहिला हक्क तुमचाच राहील. या वचनावर विसंबून बहुतेकांनी घरे विकली. १९५३ साली शहरात नवे महापौर निवडून आले आणि घरांची योजनाच रद्द झाली. माणसे गेली, घरे झाली नाहीत, टेकड्या रिकाम्या पडल्या. नकाशावर ती जागा आता मोकळी दिसू लागली. तीच पुढे डॉजर्सच्या मालकास देऊ करण्यात आली.

यावर शहरात मोठा वाद झाला. सार्वजनिक घरांसाठी घेतलेली जमीन खाजगी संघास कशी देता, असा विरोधकांचा प्रश्न होता. ३ जून १९५८ रोजी त्यावर सर्व शहराचे मत घेण्यात आले आणि सुमारे पंचवीस हजार मतांच्या फरकाने कराराच्या बाजूने कौल मिळाला. मत घेतले ही गोष्ट चांगलीच. पण ज्यांची गावे होती ते तोवर विखुरले होते. लाखो मतांच्या शहरात काही शे कुटुंबांचे मत ते किती? पुढच्या वर्षी, ८ मे १९५९ रोजी, घर न सोडणाऱ्या शेवटच्या कुटुंबांपैकी एकास पोलिसांनी उचलून बाहेर काढले. बायकामुलांसह घराबाहेर ओढलेल्या त्या माणसांची छायाचित्रे आणि चित्रफीत देशभर दिसली. त्या दिवसापाठोपाठ बुलडोझर आला. १९६२ च्या १० एप्रिलला छप्पन्न हजार प्रेक्षकांचे डॉजर स्टेडियम उघडले. ते सुंदर आहे असे सारेच म्हणतात. या सौंदर्याखाली तीन गावे आहेत हेही त्या शहरातील लोक आता उघडपणे बोलू लागले आहेत.

एक विलक्षण गोष्ट या कथेच्या शेवटी येते. १९५७ साली ब्रुकलिनच्या ज्या चौकात मैदानासाठी जमीन संपादन करावयास नकार मिळाला, त्याच चौकाजवळ २०१२ साली बास्केटबॉलच्या संघासाठी बार्कलेज सेंटर नावाचे भव्य क्रीडागृह उघडले. २००३ साली ही योजना जाहीर झाली, तेव्हा तेथील रहिवाशांनी वर्षानुवर्षे सभा घेतल्या आणि न्यायालयात दावे लावले. या वेळी शासनाची संपादनाची सत्ता वापरण्यात आली आणि रहिवासी हरले. म्हणजे त्याच शहराने पन्नास वर्षांच्या अंतराने एकाच प्रश्नाला दोन उलट उत्तरे दिली. पहिल्या वेळी तत्त्व राहिले आणि संघ गेला. दुसऱ्या वेळी संघ आला आणि वस्ती गेली. दोन्ही वेळा दुःख वस्तीच्याच वाट्यास आले.

आता तेथून थेट नागपुरास येऊ. सौंसरच्या माणसास नागपूर परके नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर मध्य प्रदेशात राहिले. पण बाजारहाट, दवाखाना, शिक्षण आणि सोयरीक यांची वाट सावनेरवरून नागपुरासच जात राहिली. छिंदवाड्याहून सौंसर, लोधीखेडा, सावनेर करीत नागपूरला जाणारी छोट्या रुळांची गाडी २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत या वाटेवर धावत होती. ऑक्टोबर १९६९ मध्ये सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध नागपूरची पहिली कसोटी झाली. भारत ती हरला. पण कसोटी सामना आपल्या भागात आला याचे समाधान त्या पराभवाहून मोठे होते. १९८७ च्या विश्वचषकात याच मैदानावर चेतन शर्मा याने त्या स्पर्धेच्या इतिहासातील पहिली हॅट्‌ट्रिक केली आणि सुनील गावसकर यांनी एकदिवसीय सामन्यांतील आपले एकमेव शतक काढले. छिंदवाडा रस्त्याने येणाऱ्याला सिव्हिल लाइन्स हे नागपूरचे अलीकडचे तोंड. सदरला उतरावे आणि चालत मैदानावर जावे, इतके ते सोयीचे.

त्या मैदानास मर्यादाही होत्या, हे मान्य केले पाहिजे. चहूकडून शहर, अरुंद रस्ते, वाढती गर्दी. १९९५ च्या नोव्हेंबरात न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याच्या वेळी प्रेक्षागाराची भिंत कोसळली आणि काही प्रेक्षक मृत्युमुखी पडले. अशा घटनेनंतर नव्या, सुरक्षित मैदानाची मागणी अयोग्य म्हणता येणार नाही. वर्धा रस्त्यावर जामठा येथे ते उभे राहिले आणि २००८ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तेथे पहिली कसोटी झाली. भारत जिंकला, मालिकाही जिंकली, सौरव गांगुली यांनी तेथेच कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला. परंतु कसोटीच्या दिवशी रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्या हा चर्चेचा विषय झाला. मैदान शहराबाहेर दक्षिणेस. दुपारी कामातून तासभर काढून डोकावून येणारा प्रेक्षक तेथे पोचत नाही. आणि उत्तरेकडून, सौंसर-सावनेरहून, येणाऱ्यास तर सारे नागपूर ओलांडून पलीकडे जावे लागते. खुर्च्या वाढल्या, पण पायी येणारा माणूस कमी झाला.

तरीही नागपूरने एक शहाणपण केले. सिव्हिल लाइन्सचे जुने मैदान मोडले नाही. तेथे खेळ चालू राहिला. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि पुन्हा २०२४-२५ अशी तीनदा रणजी स्पर्धा जिंकली. त्या यशाची कारणे अनेक असतील; पण ज्या शहरात मुलांना सरावास दोन मैदाने आहेत आणि एकही विकलेले नाही, त्या शहरातूनच असे संघ निघतात, हे सांगावयास क्रिकेटचा पंडित असण्याची गरज नाही.

आणखी एका प्रसंगाचा उल्लेख केल्यावाचून ही हकीकत पुरी होणार नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळ होता. गावोगाव टँकरने पाणी पोचविले जात असता क्रिकेटच्या हिरवळीवर पाणी का शिंपडावे, असा प्रश्न एका जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. १३ एप्रिल रोजी न्यायालयाने आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत. मुंबई, पुणे आणि नागपूर या तिन्ही ठिकाणचे सामने गेले. त्या निर्णयाने दुष्काळ हटला नाही, हे टीकाकारांचे म्हणणे खरे आहे. पण जो कधीच तिकीट काढून आत जाणार नाही, त्या माणसाचाही मैदानाशी संबंध आहे, ही गोष्ट तेथे प्रथमच इतक्या ठळकपणे मान्य झाली.

श्रोतेहो, या साऱ्या इतिहासाचे सार काढावयाचे तर ते असे. मैदान हलवावे की नाही याचे एकच उत्तर नाही; कधी हलविणे आवश्यकच असते. परंतु हलविण्यापूर्वी तीन गोष्टी विचारल्या गेल्या पाहिजेत. जुनी जागा कोणाच्या नावावर आहे, आणि संघ गेल्यावर ती कोणाकडे जाणार? नव्या जागेवर आज कोण आहे? आणि या दोहोंविषयी शेजाऱ्यांना केव्हा विचारले, कागद होण्यापूर्वी की झाल्यावर? मुंबईत पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरे होते, म्हणून मैदाने वाचली. ब्रुकलिनमध्ये ते वाईट होते, म्हणून मैदान गेले. शावेझ रविनमध्ये दुसरा प्रश्न विचारलाच गेला नाही. आणि तिसरा प्रश्न जवळजवळ सर्वत्र उशिरा विचारला गेला.

सौंसरला कसोटी सामना होत नाही, मग आपणांस याचे काय, असे कोणी म्हणेल. मला वाटते, आपणांसच याचे अधिक अगत्य असावे. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली. नव्या जिल्ह्यास कचेऱ्या लागतात, अधिकाऱ्यांना निवासस्थाने लागतात, बसस्थानके, वसतिगृहे, दवाखाने लागतात. हे सारे हवेच आहे. पण या सर्वांना जागा लागते, आणि कोणत्याही गावात सर्वांत सोपी सापडणारी जागा म्हणजे गावाचे मैदान. ते बहुधा नझूलचे असते. त्याला कुंपण नसते. त्यावर कोणाचे घर नसते, म्हणून कोणी दावा लावीत नाही. नकाशावर ते रिकामे दिसते. वस्तुतः सकाळी तेथे फिरावयास म्हातारी माणसे येतात, संध्याकाळी पोरे खेळतात, उन्हाळ्यात लग्नाचा मांडव पडतो, दसऱ्यास रावण जळतो. यांपैकी काहीच दप्तरात लिहिलेले नसते. टेकड्यांतील ती तीन गावेही नकाशावर रिकामीच दिसू लागली होती.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. आपल्या गावच्या मैदानाची नोंद कोणत्या दप्तरात, कोणत्या नावाने आहे, हे आजच पाहून ठेवावे. ते खेळासाठी राखीव आहे अशी नोंद नसल्यास नगरपालिकेकडे ती करून मागावी. ज्या पारशी पोरांनी राज्यकर्त्यांकडे अर्ज केले, त्यांच्या हाती सत्ता नव्हती आणि मतही नव्हते. आपणांस तर मत आहे. संघ कोणाचाही असो, तो आज येथे आणि उद्या तेथे खेळेल. जाम नदीच्या काठावरील दोन गावांप्रमाणे जी माणसे जागच्या जागी राहतात, जागा त्यांची आहे, आणि तिचे काय करावयाचे हे त्यांना आधी विचारले गेले पाहिजे.